यंत्राच्या घरात माणसाचं घर : पडक्या कारखान्यातून राहतं घर घडवताना

गावाबाहेर ओढ्याच्या वळणावर एखादी पडकी गिरणी दिसते. छप्पर कोसळलेलं, भिंतींतून झाडं उगवलेली, दाराच्या जागी नुसतं भगदाड. आत पाऊल टाकलं की वर थेट आभाळ दिसतं आणि माणूस तिथल्या तिथे ठरवून टाकतो: इथे बैठक, तिकडे ओटा, त्या कमानीत अखंड काच. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच असतं. फरक पडतो तो पुढच्या महिन्यात. काही जण आराखडा काढायला बसतात, काही जण ओळंबा घेऊन भिंतीपाशी जातात. घर बहुधा दुसऱ्यांचंच पुरं होतं.

एक गोष्ट सुरुवातीपासून डोक्यात ठेवायला हवी. ही इमारत माणसाने राहावं म्हणून बांधलेलीच नव्हती. ती दळण्यासाठी, भाजण्यासाठी, कापण्यासाठी, ओतकामासाठी किंवा साठवणुकीसाठी बांधली होती. तिची उंची यंत्राच्या मापाची, खिडक्या कामाच्या उजेडासाठी, जमीन टनांचं ओझं पेलण्यासाठी. आपल्याला भुरळ घालणारं सगळं त्या कामातून आलेलं असतं आणि पुढे छळणारं सगळंही त्यातूनच येतं.

आधी कळू द्या, इथे चालायचं काय

पहिली पायरी म्हणून वास्तुविशारदाला फोन करू नका. जुने नकाशे, जमिनीची जुनी कागदपत्रं, छायाचित्रं आणि तिथे काम केलेली म्हातारी माणसं गाठा. कुठलं यंत्र कुठे होतं, इंधन काय होतं, सांडपाणी कुठे सोडायचे, मालक किती वेळा बदलले, हे विचारा. दोन धंद्यांच्या मधल्या काळात कोणी तिथे रंगाचे डबे किंवा शेतीची औषधं साठवली होती का, हेही विचारा. अशा गोष्टी कुठल्याच कागदावर सापडत नाहीत.

उत्तर काय येतं त्यावर पुढचा खर्च ठरतो. कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या मातीत क्रोमियम आणि आर्सेनिक सापडू शकतं. रोगट जनावरांची कातडी तिथे आली असेल तर काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या जंतूंचे बीजाणू मातीत कित्येक दशकं टिकतात. लाकूड कापण्याच्या गिरणीत लाकडाला वाळवी लागू नये म्हणून क्रिओसोट आणि तत्सम औषधं वापरत. ओतशाळेच्या आवारात जड धातू असतात, कोळशावर चाललेल्या कारखान्यात राख आणि डांबर. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे विषारी रसायन असण्याची शक्यता धरूनच चाला. २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगभर ज्या रसायनांवर बंधनं आणली, त्यांत ते आहे. गिरणी धान्याची असेल तर तुम्ही बरेच सुटलात. तिथली मुख्य अडचण पाण्याची आणि उंदरांची.

मातीचे नमुने एकाच ठिकाणाहून घेऊन भागत नाही. यंत्राखाली, टाकीशेजारी, सांडपाण्याच्या वाटेवर आणि जिथे पुढे मुलं खेळतील किंवा भाजी लावाल तिथे, असे निरनिराळे आणि निरनिराळ्या खोलीवरचे नमुने प्रयोगशाळेत द्या. अहवाल हातात येईपर्यंत विकत घेण्याचा करार पक्का करू नका. या लेखातला हा एकच सल्ला पाळलात तरी पुष्कळ झालं.

छपराचे करडे, खवल्यासारखे नागमोडी पत्रे दिसले तर ते ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे समजा. न फुटलेला पत्रा फारसं काही करत नाही. तो करवतीने कापला, खाली फेकला किंवा कोरडा घासला, की त्याचे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात कायमचे बसतात. ते उतरवणं हे परवानाधारक माणसांचं काम आहे. पत्रे ओले करून, अखंड उतरवून, गुंडाळूनच बाहेर जायला हवेत.

आणि खड्डे, टाक्या, भुयारं, धान्याची कोठारं यांत एकट्याने उतरू नका. बंद जागेत कुजणाऱ्या पदार्थाने प्राणवायू संपलेला असतो, कधी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला असतो. आत पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा माणूसही तिथेच राहतो, असं वारंवार घडतं.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. मालकी स्वच्छ आहे का, वापर बदलून ‘निवासी’ होतो का, रस्त्याचा हक्क कायदेशीर आहे की केवळ शेजाऱ्याच्या भलेपणावर चालला आहे, जागा पूररेषेत येते का, वास्तू संरक्षित यादीत आहे का, वीज आणि पिण्याचं पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार. पाणचक्की असेल तर पाटाच्या पाण्यावरचा हक्क आणि पाट साफ ठेवण्याची जबाबदारी, दोन्ही वाचून घ्या. पडक्या वास्तूत वटवाघळं आणि घुबडं हमखास असतात. अनेक देशांत त्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि विणीच्या हंगामात काम थांबवावं लागतं. विमा तर आधीच विचारून ठेवा, कारण नेहमीची घराची पॉलिसी छप्पर नसलेल्या वास्तूला लागू होत नाही.

एक वर्ष नुसतं बघायचं

हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. पण निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा त्या भिंतींनी तुमच्या डोळ्यांदेखत काढायला हवा. या काळात काम थांबलेलं नसतं, मोजमाप चालू असतं.

वास्तूचं लेझर स्कॅनिंग करून घ्या. पडक्या इमारतीत एकही कोपरा काटकोनात नसतो आणि फीत धरून मोजलेला आराखडा पुढे प्रत्येक खिडकीपाशी खोटा ठरतो. स्कॅनिंग परवडत नसेल तर प्रत्येक भिंतीचा समोरून, ठरावीक अंतरावरून, मापपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि त्या फोटोवरच प्रत्येक भेग, ओल, फुगवटा लिहून काढा. पुढे गवंड्याशी बोलताना हाच कागद उपयोगी पडतो.

भेगांवर मापक बसवा. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकतात आणि मिलिमीटरमध्ये फरक दाखवतात. दर महिन्याला एकदा वाचन, वहीत तारीख, तापमान, पाऊस. ऋतूबरोबर उघडून पुन्हा मिटणारी भेग भिंतीच्या श्वासाची आहे, तिला फार घाबरायचं कारण नाही. एकाच दिशेने वाढत जाणारी भेग मात्र पाया सरकतो आहे किंवा भिंत बाहेर कलते आहे असं सांगते. जुनी, धुळीने भरलेली रुंद भेग ताज्या, धारदार कडांच्या बारीक भेगेपेक्षा कमी काळजीची असते, हेही लक्षात ठेवा.

भिंतीला पोट सुटलंय का ते ओळंब्याने बघा. जाड दगडी भिंत बहुधा तीन पदरी असते: बाहेरचा चिरा, आतला चिरा आणि मध्ये चुन्यात टाकलेली भर. वरून पाणी शिरलं की मधला चुना धुऊन जातो, भर खाली बसते आणि दोन्ही बाजू फुगतात. मुठीने किंवा लाकडी हातोडीने ठोकून बघा. भरीव भिंतीचा आवाज आणि पोकळ भिंतीचा आवाज यांतला फरक अर्ध्या तासात कानाला कळतो.

पायाशेजारी दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे खणा. दोन माणसांएवढ्या उंच भिंतीखाली जेमतेम गुडघाभर पाया निघाला तर दचकू नका, जुन्या वास्तूंत ते नेहमीचं आहे. आजवर ती उभी आहे. प्रश्न असा की छपराचं वजन गेल्यावर, झाडांची मुळं शिरल्यावर आणि गटार तुंबल्यावर ती अजून किती काळ उभी राहील. इथे जुन्या बांधकामांचा अनुभव असलेला संरचना अभियंता हवा. ज्याने फक्त नव्या काँक्रीटच्या इमारती केल्या आहेत तो बहुतेक वेळा ‘पाडा’ म्हणतो. त्याची गणितं चुकलेली नसतात, पण चुन्यातल्या भिंतीला ती लागू पडत नाहीत.

पाणी अडवा, भिंतींना धीर द्या

छप्पर गेलं की भिंतीचं दुहेरी नुकसान होतं. तिला वरून आणि आडवं धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तिचा माथा पावसाला उघडा पडतो. एरवी छपराच्या तुळया समोरासमोरच्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात. त्या गेल्या की प्रत्येक भिंत वाऱ्यात एकटी उभी असते. म्हणून घराच्या कुठल्याही कामाआधी धिरे, आडव्या-तिरप्या टेकण्या, कमानींखाली लाकडी आधार आणि भिंतींच्या माथ्यावर तात्पुरतं आच्छादन. जमलं तर सबंध वास्तूवर परांचीच्या नळ्यांचं तात्पुरतं छप्पर उभारा. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, शेवटी काढूनही टाकायचा असतो, म्हणून लोक तो टाळतात. मग पुढे त्याच्या कितीतरी पट रक्कम ओल्या भिंती सुकवण्यात घालवतात.

भिंतीतलं झाड ओढून काढायचं नाही. मुळांनी जे उचकटलंय तेच त्यांनी धरूनही ठेवलेलं असतं. बुंध्याशी कापा, मुळाला मारण्याचं औषध लावा, वाळू द्या, आणि त्या भागाची दुरुस्ती करतानाच मूळ हाताने काढत पोकळी चुन्याने भरत जा. वेलींचंही तसंच: खाली कापून एक हंगाम सुकू द्या.

मलबा काढताना वरून खाली, हातानेच काढा. पडलेले चिरे, विटा, तुळया, बिजागऱ्या, पुल्या, सगळं वेगळं रचून ठेवा. पुढच्या दुरुस्तीला लागणारा त्याच खाणीचा दगड याच ढिगात असतो. जेसीबीने एका दिवसात आवार साफ केल्याचा आनंद वर्षभर महाग पडतो.

नवं घर जुन्याला कुठे टेकणार?

सगळ्या प्रकल्पाचा कणा हा प्रश्न आहे. ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली: घरात घर. जुन्या भिंती मोडक्याच ठेवून स्थिर करायच्या आणि आत स्वतःच्या पायावर उभी राहणारी नवी पेटी बसवायची. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात स्नेप मॉल्टिंग्ज नावाच्या, सातू भिजवून मोड आणण्याच्या जुन्या कारखान्याच्या आवारात कबुतरखान्याचा एक पडका सांगाडा होता. हॉवर्थ टॉम्पकिन्स या वास्तुविशारदांनी २००९ मध्ये त्यात गंजरंगी कॉर्टेन पोलादाची खोली बसवली. ती शेजारच्या मोकळ्या जागेत जोडून तयार केली आणि क्रेनने उचलून त्या विटांच्या टरफलात सोडली. जर्मनीतल्या रामसेन गावात १७८० च्या डुकरांच्या गोठ्यात अशाच पद्धतीने लाकडी घर उतरवलं आहे. नव्या खिडक्या जुन्या भगदाडांसमोर नेमक्या येतात, जुन्या भिंतीला नवं घर टेकत नाही. दोन्ही वास्तू आकाराने लहान आहेत, तत्त्व मात्र मोठ्या वास्तूलाही लागू पडतं. जुन्या भिंतीला नवं वजन द्यावं लागत नाही आणि नवं घर हवाबंद, उबदार करणं सोपं जातं. तोटा म्हणजे जागा खाते, आणि दोन भिंतींमधल्या फटीत पाणी, पानं, उंदीर जाणार नाहीत याची सोय पहिल्या दिवसापासून करावी लागते. त्या फटीत माणूस शिरून साफ करू शकेल इतकं अंतर ठेवा, नाहीतर ती वरून पक्की झाका. अर्धवट सोडलेली वीतभर फट सगळ्यात वाईट.

दुसरी वाट: जुन्या भिंतींवर नवं छप्पर टाकून त्यांनाच घर करायचं. भिंती निदान तीन बाजूंनी धड असतील तर हे देखणं होतं. पण छपराचं ओझं एकेका बिंदूवर येऊ न देता सगळ्या माथ्यावर पसरायला हवं. त्यासाठी माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतायची सवय सगळीकडे दिसते. चुन्याच्या मऊ भिंतीवर ताठ, जड काँक्रीट बसलं की दोघांची हालचाल जुळत नाही आणि त्या रेषेवर भेग जाते. लाकडी बैठकपट्टी किंवा हलकी पोलादी चौकट भिंतीशी जास्त जमवून घेते.

तिसरी वाट मिश्र: आत पोलादी खांबांचा स्वतंत्र सांगाडा, तो छप्पर पेलतो आणि जुन्या भिंतींना नुसता मागून हात देतो. मला स्वतःला मोठ्या गिरण्यांसाठी हीच पटते, कारण भिंत उभी राहण्याच्या जबाबदारीतून मोकळी होते.

या सगळ्याच्या टोकाला स्पेनमधलं उदाहरण आहे. बार्सिलोनाजवळच्या सांत जुस्त देस्वर्न इथला बंद पडलेला सिमेंट कारखाना रिकार्दो बोफिल या वास्तुविशारदाला १९७३ मध्ये सापडला. तीसहून अधिक कोठारं, भुयारं, यंत्रदालनं. पहिलं दीडेक वर्ष त्याने जवळजवळ फक्त पाडकाम केलं आणि आठ कोठारं ठेवली. बांधण्याआधी काय काढायचं हे ठरवायला इतका वेळ देणारे विरळाच. तिथे तो राहिला, कामही तिथेच केलं, भिंतींवर वेली चढू दिल्या. कारखान्याचं घर करताना भर घालण्याइतकंच वजा करणं महत्त्वाचं, हे ती वास्तू बघितल्यावर पटतं.

जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे दिसू द्यायचं की लपवायचं, यावर वाद होतील. जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने यावर भूमिका घेतली आहे: गहाळ भागाच्या जागी घातलेलं नवं एकूण रूपात मिसळावं, पण मूळ म्हणून खपवलं जाऊ नये. घरगुती कामातही ही कसोटी चालते. पडलेल्या कोपऱ्यात जुन्यासारखे दिसणारे नवे घडीव चिरे बसवण्यापेक्षा साधी वीट किंवा लाकूड भरलेलं बरं. आणि शक्यतो नवं असं जोडा, की उद्या कोणी काढलं तर जुन्याला ओरखडा उठणार नाही.

चुना, आणि सिमेंटचा मोह

जुनी भिंत सांध्यांमधून श्वास घेते. दगडाला लागलेलं पाणी मऊ चुन्याच्या सांध्यात येतं आणि तिथून वाळून जातं. सांधा झिजतो, दगड वाचतो, आणि काही दशकांनी सांधा नव्याने भरायचा, असा तो हिशेब आहे. त्यावर सिमेंटची दर्जा मारली, म्हणजे सांधे सिमेंटने भरले, की वाट बंद होते. पाणी दगडातून बाहेर पडू लागतं, दगडाचा चेहरा पापुद्र्याने सुटतो आणि सिमेंट मात्र काठासारखं पुढे आलेलं दिसतं. जिथे हे झालेलं असेल तिथे ते सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढा. ग्राइंडर चालवला की दगडाच्या कडा जातात.

दर्जा भरताना सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर खोल खरवडा, धुवा, ओला ठेवा. एक भाग चुना आणि तीन भाग वाळू हे सुरुवातीचं प्रमाण, पण जुन्या मसाल्याचा तुकडा तपासून घेऊन त्याच्याशी जुळवणं उत्तम. वाळू चाळलेली, खारट नसलेली, लहानमोठ्या कणांची. साधा मुरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो. ओलसर जागी हायड्रॉलिक चुना किंवा विटेची सुरखी मिसळलेला चुना लागतो, कारण तो पाण्यातही धरतो. ताज्या कामावर ओली गोणपाटं टाका. कडक उन्हात चुना वाळतो पण पिकत नाही, बोटाने घासला की पीठ होतो. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम बंद ठेवा.

पोकळ भिंतीत चुन्याचा पातळ घोळ सोडतात. तो खालून वर, थोड्या-थोड्या उंचीचे टप्पे करत आणि प्रत्येक टप्प्याला आळायला वेळ देत. एकदम भरला तर त्याच्या दाबाने पोट सुटलेली भिंत फुटते. भेगांना आडवे टाके घालायला स्टेनलेस स्टीलच्या पिळदार सळया सांध्यांत बसवतात. साधी सळई घालू नका. गंजलेलं लोखंड मूळ आकारमानाच्या कित्येक पट फुगतं आणि दगड आतून फोडतं. जुन्या वास्तूंतले पुष्कळ तडे असल्याच मागच्या ‘दुरुस्त्यां’चे असतात.

लोणा लागलेली भिंत हा वेगळा विषय आहे. खारवणं, कातडी कमावणं, जनावरं बांधणं किंवा खत साठवणं जिथे झालं, तिथे क्षार भिंतीत खोल मुरलेले असतात. असा भाग रंगवून झाकता येत नाही. कागदाच्या लगद्याचे किंवा मातीचे ओले लेप लावून, ते वाळल्यावर क्षारांसकट काढायचे, आणि हेच अनेक वेळा करायचं. मग चुन्याचा बलीचा गिलावा, म्हणजे क्षार स्वतःत ओढून घेऊन काही वर्षांनी काढून टाकायचा थर. एक इशारा: दोन सुयांचं ओलावामापक क्षारयुक्त भिंतीत खोटं बोलतं. क्षार वीज वाहून नेतात, म्हणून कोरडी भिंतही ते ओली दाखवतं. नमुना काढून वजनाने तपासलेला ओलावाच खरा.

भिंत सुकायला किती लागेल? जुना ठोकताळा महिन्याला २५ मिलिमीटर असा आहे. ६०० मिलिमीटरच्या भिंतीला त्या हिशेबाने दोन वर्षं. हवा खेळती असेल आणि दोन्ही बाजू उघड्या असतील तर लवकरही सुकते. हीटर लावून घाई केली तर पृष्ठभाग वाळतो, आतला ओलावा अडकतो आणि क्षार भसाभस बाहेर येतात.

लोखंड, लाकूड आणि तेलाचा वास

कारखान्याचे ओतीव लोखंडाचे खांब देखणे असतात. ओतीव लोखंड दाबाखाली भक्कम आणि ताणाखाली ठिसूळ. खांब म्हणून ते उत्तम काम करतं, पण त्याला बाजूने कंस वेल्ड करून मधला मजला टांगायला जाऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेनेच ते तडकू शकतं. नवी तुळई पट्ट्याने आवळून किंवा स्वतंत्र खांबावर घ्या. आगीत तापलेल्या ओतीव खांबावर थंड पाणी पडलं तर तो फुटतो, म्हणून आगीपासूनच्या संरक्षणाचा विचार अभियंत्याकडून आधीच करून घ्या. जुना रंग शिशाचा असण्याची शक्यता मोठी. कोरडा घासू नका.

लाकडी तुळया मध्यभागी क्वचित सडतात. सडतं ते भिंतीत शिरलेलं टोक. दाभण टोचून बघा. लाकडातला ओलावा सतत २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. फक्त टोक गेलं असेल तर सगळी तुळई फेकू नका. चांगला सुतार तिथे नवं लाकूड सांधून देतो किंवा पोलादी पट्टी घालतो. टोकाभोवती हवा खेळेल एवढी जागा मात्र सोडायला हवी, नाहीतर नवं टोकही त्याच वाटेने जाईल.

तेल मुरलेली फरशी किंवा काँक्रीट धुऊन सुधारत नाही. वरून फरशा बसवल्या तरी गरम दिवसात वास येतो. जास्त मुरलेला थर काढणं हाच उपाय. यंत्रांच्या खाली ओतलेले भलेमोठे ओटे मात्र फोडत बसू नका. ते फोडताना बसणारे हादरे शेजारच्या भिंतीला नको असतात. त्या ओट्याची बैठक करा, शेकोटी करा, जिन्याची पहिली पायरी करा.

नवा पाया घालताना जुन्या पायाच्या शेजारी सलग चर खणला तर भिंत त्या चरात येते. पाया खाली न्यायचाच असेल तर मीटरभराचे तुकडे पाडून एकाआड एक खणायचे, भरायचे, धरू द्यायचे, मग मधले घ्यायचे. जमिनीखाली प्लास्टिक आणि काँक्रीट अंथरलं की खालचा ओलावा कडेला सरकून भिंतींत चढतो. फोमकाचेचा, म्हणजे फुगवलेल्या काचेचा हलका खडा आणि त्यावर चुन्याचं काँक्रीट ही जोडी इथे बरी. ती उष्णता अडवते आणि ओल अडवून ठेवत नाही. पाणचक्कीत पाण्याची जुनी वाट बुजवू नका. पूर आला की पाणी त्याच वाटेने येतं. ती मोकळी असली तर निघूनही जातं.

ऊब, आवाज, उजेड

इथे बहुतेक सुंदर प्रकल्प राहायला अवघड होतात. समजा, तुमच्याकडे १० बाय १५ मीटरचं, ८ मीटर उंच दालन आहे. आकारमान १२०० घनमीटर. जमीन, छत, भिंती मिळून ७०० चौरस मीटरचे पृष्ठभाग, सगळे दगड-काच-काँक्रीट, म्हणजे आवाज सरासरी ५ टक्के शोषणारे. आवाज किती वेळ घुमेल हे सांगणाऱ्या सॅबिनच्या सूत्राने हिशेब केला, ०.१६१ गुणिले १२०० भागिले ३५, तर टाळीचा नाद साडेपाच सेकंद घुमतो. दोन माणसं जेवताना बोलली तर तिसऱ्याला शब्द कळत नाहीत. हाच घुमारा सव्वा सेकंदावर आणायचा तर शोषण १५५ चौरस मीटरच्या आसपास न्यावं लागतं. दोनचार गालिच्यांनी हे भागत नाही. सबंध १५० चौरस मीटरच्या छताला ८० टक्के शोषणारा थर दिला की जेमतेम जमतं. छपराचा आराखडा काढतानाच हा थर त्यात घ्या. नंतर चिकटवलेले फोमचे चौकोन विद्रूप दिसतात.

उबेचं गणितही उंचीनेच बिघडतं. गरम हवा छताशी जाऊन बसते आणि खाली पाय गार. म्हणून उष्णता जमिनीतून द्या, आणि सगळं दालन घर म्हणून तापवायचा हट्ट सोडा. मोठ्या पोकळीत छोट्या, उबदार खोल्यांचा गाभा करा: झोपायच्या खोल्या, न्हाणीघर, स्वयंपाक. उरलेली उंच जागा अर्धी अंगणासारखी राहू दे. रिकामी उंची हेच या वास्तूचं खरं धन आहे. तिच्यात मजले कोंबून खोल्यांची संख्या वाढवली की तुमच्याकडे जाड भिंतींची एक साधी इमारत उरते.

जुन्या भिंतीला आतून उष्णतारोधक थर द्यायचा असेल तर लाकडी तंतूंच्या फळ्या, कॉर्क किंवा भांगेच्या दांड्यांचा भुसा मिसळलेला चुना (हेम्पक्रीट) असे श्वास घेणारे प्रकार निवडा आणि थर मध्यमच ठेवा. फार जाड थराने मूळ भिंत थंड पडते, आतली वाफ तिच्यावर जाऊन पाणी होते आणि तुळईची टोकं पुन्हा धोक्यात येतात. हवा बदलण्याची यांत्रिक सोय करा. ओली भिंत आणि घट्ट बंद खिडक्या एकत्र आल्या की बुरशी ठरलेली.

उजेडासाठी नवी भोकं पाडण्याआधी जुनी मोजा. पट्ट्यांची दारं, चक्कीच्या दांड्याची भगदाडं, माल चढवण्याची वरची दारं, यांतून पुष्कळ काम होतं. नवी काच जुन्या भगदाडाच्या कडेला न बसवता आत, भिंतीच्या जाडीच्या मागे घ्या. झिजलेली कड जशीच्या तशी दिसते आणि पावसापासूनही काच वाचते. करवतीच्या दातांसारखं छप्पर असेल तर त्याच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते बघा. उत्तर गोलार्धात त्या उत्तरेला असतात, कारण कामगारांना सावली न पाडणारा स्थिर उजेड हवा असे. चित्रकाराला तो आवडेल. सकाळी कोवळं ऊन हवं असणाऱ्याने दुसरी सोय बघावी.

तारा आणि नळ भिंतीत खोदून लपवू नका. उघड्या नळ्यांतून, सांध्यांच्या रेषेने न्या आणि खिळे सांध्यांत मारा, दगडात नको.

माणसं, पैसा आणि क्रम

पडक्या वास्तूच्या दुरुस्तीला एकरकमी ठेका देऊ नका. आत काय निघेल हे कंत्राटदारालाही माहीत नसतं, मग तो एकतर भीतीने फुगवून सांगतो किंवा कमी सांगून पुढे अडवतो. दुरुस्तीचा भाग मोजमापावर आणि दरावर, नव्या बांधकामाचा भाग ठरलेल्या किमतीवर, असा दुभाग करा. अनपेक्षित खर्चासाठी एकूण रकमेच्या २० ते ३० टक्के बाजूला ठेवा. स्वयंपाकघराचे नमुने पसंत करताना या बाजूला ठेवलेल्या रकमेतले पैसे धरू नका.

चुन्याचं काम करणारा गवंडी आधी एक चौरस मीटरचा नमुना करून दाखवायला तयार असावा. तो नमुना महिनाभर उन्हापावसात राहू द्या, मग ठरवा.

कामाचा क्रम वर आला आहे तसाच पाळा: विष, धिरे, पाणी, भिंती, छप्पर, सुकणं, आणि मगच आतलं घर. सुकायच्या काळात राहण्याची घाई झालीच, तर आवारातली एखादी लहान खोली, तोलकाट्याची किंवा चौकीदाराची, आधी राहती करा. तिच्यावर चुना, खिडक्या, गंज यांचे सगळे प्रयोग करून बघता येतात आणि चुका लहान राहतात.

राहायला गेल्यावर भेगांवरची मापकं निदान दोन वर्षं काढू नका. पन्हळी वर्षातून दोनदा साफ करा. कड्याच्या किंवा झाडाच्या जवळ असाल तर चारदा. भिंतीच्या माथ्यावर उगवलेलं रोपटं बोटभर असतानाच उपटा. आणि एका वहीत लिहून ठेवा: कुठल्या भिंतीत कुठला मसाला, किती भाग चुना, वाळू कुठली, सळया कुठे, नळ कुठून गेले, कुठला खड्डा कशाने बुजवला. ती वही वीजमंडळाच्या बिलांत न ठेवता जिन्याखालच्या फडताळात ठेवा, जिथे पुढचा गवंडी ती मागेल तेव्हा ती सापडेल.